टी गुलाबाची भर वैशाखात पाठवणी: बोदवड ते धुळे

वैशाखात खान्देशात पाऊल टाकू नका, असं याच ब्लॉगवर मी तुम्हाला बजावलं होतं. आणि मीच गेले! माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा, बोदवडहून फोन आला. "रस्ता रुंद होतोय, घर-अंगण सगळं जातंय. आम्ही धुळ्याला निघालो. पण माझा गुलाब जगेल का गं?"

लग्न होऊन आल्यावर तिने शेजारणीकडची एक काडी मातीत खोचली होती, तिचं आता दाराएवढं झाड झालंय. जुन्या जातीचा, चहासारख्या मंद वासाचा टी गुलाब, नर्सरीत मिळत नाही. त्याच्या काड्या लावून पाहिल्या, एकही जगली नाही. हे गेलं की संपलं.

पुण्याहून रेल्वेने भुसावळ, पुढे एसटी. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवा, हसू नका. या गुलाबाला ऊब मानवते, म्हणून तो इथे रमला. थंडीत त्याची फुलं टपोरी, जर्दाळू रंगाची. उन्हाळ्यात तीच लहान आणि फिकट. ढगाळ, ओली हवा टिकली की कळी न उमलताच सडते.

अंगणात पोचले तर भाऊजी कात्री घेऊन उभे. "गुडघ्याएवढा छाटू. माझे बाकीचे गुलाब असेच फुटतात."

"याला कात्री सोसत नाही!" अक्का ओरडली. "याची सगळी ताकद जुन्या लाकडात असते."

पण मुळं तुटणार म्हटल्यावर एवढा पाला पोसणार कोण? शेवटी मी मध्ये पडले. हिरव्या काड्या छाटल्या, पानं खुडली, जाड खोडं राखली. मुळांभोवतीची माती अक्काने ओल्या गोणपाटात बांधली.

झुंजूमुंजू व्हायच्या आत पिकअप निघाली. भुसावळ, जळगाव, एरंडोल. रस्ता छान आहे, पण ऊन चढायच्या आत पारोळा गाठा. आम्हाला नाही जमलं, गाडीचं चाक पंक्चर झालं. गरम वारा सुटला आणि ड्रायव्हर मागे बघून म्हणाला, "ताई, या तपनमा बठ्ठं सुकी जाई." मेल्या, सगळं सुकेल असं बोलू नकोस! आम्ही दोघी मागे चढलो आणि साडीचा आडोसा धरून बसलो. ढाब्यावरची शेवभाजी झणझणीत होती म्हणे. मी झाडापाशीच बसून राहिले.

धुळ्यात पूर्वेच्या भिंतीशी, हिरव्या जाळीखाली झाड लावलं. उरलीसुरली पानंही गळली, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत गेल्या. मी झाड तसंच सोडून पुण्याला परतले.

मग एका दुपारी अक्काचा व्हिडिओ कॉल आला. बुंध्याजवळ मातीतून लाल कोंब आलेत, आणि भाऊजी म्हणताहेत, एका देठाला सात पानं म्हणजे कलमाच्या खालचा रानगुलाब, उपटायलाच हवा. त्यांचे कलमी गुलाब ते असेच निगुतीने साफ करतात.

"भाऊजी, हात काढा!" मी किंचाळलेच. "हे कलम नाही, अक्काने लावलेली काडी आहे. याच्या खाली रानगुलाब येणार कुठून? आणि टी गुलाबाला सात पानंही येतात!"

"दोन उपटले," ते हळूच म्हणाले. "एक राहिलाय." अक्काने फोन त्या एका कोंबाकडे वळवला.

वाटेतल्या उन्हाला आम्ही एवढे घाबरलो, पण झाड जाता जाता वाचलं ते घरच्या काळजीच्या तावडीतून. या प्रवासातलं माझ्याजवळ राहिलं ते एवढंच. जुनी खोडं सगळी वाळली. तो एकटा कोंब पावसाळाभर वाढला.

परवा, थंडी पडल्यावर, अक्काने फोटो पाठवला. टी गुलाबाचा देठ नाजूक, फूल खाली बघतं, त्यामुळे फोटोत फूल धड दिसतच नाही. दिसतात ते भाऊजी. गुडघे दुखतात म्हणून देवळातही खुर्ची मागणारा माणूस मातीत फतकल मारून, मान वाकडी करून, खालून फुलाकडे बघतोय.