तटस्थ मेलोस आणि खालच्या मजल्यावरचं अथेन्स

तटस्थ राहणं हा प्रत्येक स्वाभिमानी नगरराज्याचा हक्क असतो, असं मी मुलीला जेवताना सांगितलं. ती रोज शाळेत दुसऱ्यांच्या गाडीतून जाते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

इथे आखातात सहमच्या साइटवरून अल खौदला घरी नुकताच परतलो होतो आणि लवकर झोपावं एवढीच इच्छा होती. पण तिच्या वर्गाला शाळेच्या प्रदर्शनासाठी प्राचीन ग्रीस मिळालं होतं. अर्धा वर्ग अथेन्सच्या आघाडीत, अर्धा स्पार्टाच्या. हिच्या वाट्याला मेलोस नावाचं बेट आलं, जे कुणाच्याच बाजूला नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या नगराच्या वतीने बोलायचं होतं.

मुलं लवकरच कंटाळली, मग पालकांनी युद्ध हातात घेतलं. दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाले. अथेन्सचं नेतृत्व आमच्या खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या बाईंकडे गेलं. गाडी त्यांचीच. त्यांची मुलगी आणि आमची मागच्या सीटवर शेजारी बसून जातात. शाळेत हिला मैत्रीण म्हणावी अशी तेवढी एकच.

एका संध्याकाळी बाई वर आल्या. चहा घेतला आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, तिला आमच्या बाजूने बोलायला सांग ना. रोज एकाच गाडीतून जायचं आणि तिथे जाऊन तटस्थ, बरं दिसतं का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी इतिहास सांगू लागलो. अथेन्सची आघाडी मुळात इराण्यांपासून संरक्षणासाठी होती, पण इराणी मागे हटले तरी अथेन्सने कुणाला बाहेर पडू दिलं नाही. सगळ्यांचा खजिनाही आपल्याकडे नेला.

"हो ना," बाई म्हणाल्या, "कुणीतरी जबाबदारी घ्यावीच लागते."

मी चहाचे कप उचलून आत नेले.

त्या गेल्यावर मुलीने विचारलं, मेलोसचं शेवटी काय झालं. मी सांगितलं की अथेन्सने वेढा घातला, पुरुष मारले, बायकामुलं विकली. स्पार्टा मदतीला आला नाही.

"बाबा, मला कुणाच्याच साइडला नाही जायचंय. मला फक्त गाडीत बसायचंय."

इतकं सलग मराठी ती एरवी बोलत नाही. मी म्हटलं, मग भाषण बदल. स्वाभिमानाबद्दलची माझी मतं तोवर बरीच मवाळ झाली होती. तिने नकारार्थी मान हलवली. मेलोस मेलोसच राहिलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाईंचा मेसेज आला की उद्या गाडीत सामान आहे, जागा होणार नाही. पुढच्या दिवसांबद्दल त्यात काही नव्हतं. मी शाळेच्या बसवाल्याला फोन केला. तो इन्शाल्ला म्हणाला.

सकाळी साइटवर उशिरा येतो असं कळवून मी तिला खाली सोडायला गेलो. लिफ्टमध्ये ती माझ्याकडे न बघता बॅगेचा बंद ओढत होती. दारात बाईंची गाडी उभी होती. डिकीत ढाली, पुढच्या सीटवर भाले आणि मागच्या सीटवर अथेन्सचं थर्माकोलचं देऊळ, सीटबेल्ट लावून. पलीकडे बसच्या थांब्यावर बाईंची मुलगी एकटीच उभी होती.

अथेन्सलाही गाडीत जागा झाली नव्हती.