कागद गार होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आता तुम्हाला का सांगते आहे — ठाऊक नाही.

भातसानगरातली नोकरी संपली आणि मी दर रविवारी शहापूरला चित्रं शिकायला जाऊ लागले. आश्रमशाळेची एक खोली, आम्ही सात-आठ जणी, एक म्हातारे सर. ओल्या जलरंगावर जाडं मीठ टाकायचं — वाळलं की कातळासारखा खरखरीत पोत उमटतो. मग मीठ झटकून बोरूनं शाईच्या रेघा. सरांचा नियम एकच : आधी पंजाची मागची बाजू कागदाला टेकवायची. गार लागला तर ओला. ओल्यावर शाई नाही म्हणजे नाही.

हिराबाई त्याच शाळेत मुलांचं जेवण शिजवायची. सिद्धगडाखालच्या वाडीवरची. दारातून बघत उभी असायची, एक दिवस सरांनी आत बोलावलं. तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हटलं मी. पण तिचा कातळ! तो तिनं अनवाणी तुडवलेला होता. मी फोटोत पाहिलेला.

तिचे दोन्ही हात डाळीच्या हंड्यानं भाजले होते. कातडी भरून आली, पण गार-गरम कळेना. म्हणून दर वेळी कागद घेऊन माझ्याकडे यायची. "ताई, वाळला का बघा. माझ्या हाताला कळत नाय." मी हात टेकवायचे, सांगायचे. वर्षभर खरं तेच सांगितलं — तेवढं तरी.

मग ठाण्याच्या प्रदर्शनाला वर्गातून एकच चित्र जायचं ठरलं. सर तिच्या सिद्धगडापुढे बराच वेळ उभे राहिले. माझ्या चित्राला म्हणाले, "छान." बस, एवढंच. माझ्या पोटात दुखलं. कुणाच्या दुखत नाही? — पण बाकीच्या काय करतात, मी काय केलं?

श्रावण होता, हवा दमट. तिचं शाईचं काम राहिलं होतं. ती आली, मी हात टेकवला.

"वाळलाय. मार रेघ."

शाई पसरली. कड्यावरून झाडीत, झाडीतून तिच्या वाडीतल्या घरांवर. ती बघत राहिली — आधी कागदाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. "मीच शाई जास्ती घेतली," म्हणाली. "माझ्याच हाताला गुण नाय." पुन्हा वर्गाला आली नाही. बोरू सरांच्या टेबलावर ठेवून गेली. माझं चित्र ठाण्याला गेलं. आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे, येणारेजाणारे कौतुक करतात.

यंदा ती मुरबाडच्या बाजारात भेटली. बरोबर नात होती. माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून तिला सांगत होती, "ह्या ताईंचा हात कदी खोटं नाय बोलला गो."

मी हसले. घरी कोण कोण असतं, विचारलं. तेव्हाही सांगितलं नाही.

कागद गार होता. मला स्वच्छ कळलं होतं.