हरणाच्या जागी गोगलगाय

कापडी पिशव्या छापून छापून तिचे दोन्ही अंगठे कायमचे निळे झाले होते. सगळे तिला छापमावशी म्हणत. एका खोलीचा छापखाना, भिंतीला टेकवलेल्या छपाईच्या जाळीच्या चौकटी, दोरीवर वाळणाऱ्या पिशव्या, आणि जिभेला हाड नाही अशी ख्याती.

एकदा तिने मागवलेला शाईचा डबा कुरियरवाल्यांकडे तीन आठवडे फिरला आणि आतून दगड होऊन आला. तक्रारीला कुणी दाद देईना. तेव्हा मावशीने कंपनीच्या चिन्हातलं झेप घेणारं हरीण काढून तिथे गोगलगाय बसवली. तोच लाल गोल, तशीच तिरपी अक्षरं, खाली ओळ: 'निघालोय, येतोच.' पिशव्या हातोहात खपल्या.

मग कंपनीची नोटीस आली. ट्रेडमार्कचा भंग झालाय. सात दिवसांत माफीनाम्यावर सही करा, जाळी नष्ट करा, नाहीतर कोर्टात भेटू.

पिशव्या शिवणारी लेक पांढरीफटक पडली. "आई, सही करून मोकळी हो. छापखाना गेला तर करायचं काय?"

जाळी फाडायला मावशीने कात्री उचलली, वळली, तोच दाराला टेकू म्हणून ठेवलेला तो दगडी डबा पायाला लागला. कळवळून ती खालीच बसली. अंगठा चोळता चोळता म्हणाली, "डबा त्यांनी वाया घालवला, आणि माफी मी मागू? होय गं?"

दुसऱ्या दिवशी दोघी वकीलबाईंकडे गेल्या. बाईंनी पिशवी उजेडात धरली.

"हरीण तसंच ठेवून कुरियर चालवलं असतंत, तर दारातूनच परत पाठवलं असतं तुम्हाला. हे विडंबन आहे. बघणाऱ्याला मूळ चिन्ह आठवायला हवं, आणि हे त्यांचं नव्हे हेही कळायला हवं. कुणी फसलंय?"

"छे. बघतात आणि हसतात."

"तेच लिहू. पण खात्री देत नाही हं. तुम्ही पिशव्या विकता, त्यावर ते बोट ठेवतील." बाईंनी नोटीस उलटीसुलटी केली. "ही आली कधी?"

"काल."

"तारीख अठरा दिवसांपूर्वीची आहे. मुदत संपून अकरा दिवस झाले."

लेकीने लखोटा पुढे सरकवला. त्यावर लाल गोल, गोलात झेप घेणारं हरीण. नोटीस कंपनीने स्वतःच्याच कुरियरने धाडली होती.

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "जपून ठेवा हा. तुमची थट्टा खोटी नाही, याचा पुरावा त्यांनी घरपोच दिलाय."

उत्तर तयार झालं: माफी नाही, जाळीही नष्ट होणार नाही.

"पाठवायचं कसं?" लेकीने विचारलं.

"मी नेऊन देते. वेळेत पोचायला हवं," मावशी म्हणाली.

"मग निदान ती पिशवी तरी घरी ठेव."

"आणि कागद काय डोक्यावर नेऊ?"

कंपनीच्या काचेच्या कचेरीत टेबलामागच्या मुलीने पोच म्हणून शिक्का मारला. तेवढ्यात तिची नजर मावशीच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली. तिने ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली, पण खांदे हलायचे थांबेनात.

"हस गं मोकळेपणी," मावशी म्हणाली. "आमच्या उत्तरात तेच लिहिलंय."