अस्कालेने मोडलेला उपास

उपास करावा तर अस्कालेने, असं आमच्या देब्रे बिरहान गावात सगळेच म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने ती स्वतःच म्हणायची. बुधवार, शुक्रवार, नाताळाआधीचा, मरियमचा आणि ईस्टरच्या आधीचा तो लांबलचक मोठा उपास. बाईने एक म्हणून सोडला नाही. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मटण तर लांबच. दुपारची प्रार्थना संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. लहानपणापासून हे असंच चाललंय, हे ती ज्याला त्याला सांगायची आणि समोरच्याने निदान दोनदा 'अगंबाई' म्हटल्याशिवाय त्याला सोडायची नाही.

आमच्याच कुंपणात तिची एक खोली होती. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. सूत कातून विकायची. हातातली टकळी आणि तोंडाची टकळी, दोन्ही एकदम चालायच्या. मी तिला एतेते म्हणायचे, मोठ्या बाईला आमच्याकडे म्हणतात तसं. आज ती असती तर हे सगळं तिनेच सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा दुप्पट तिखटमीठ लावून.

मी तेव्हा दहावीत होते. आदल्या वर्षी वडील गेले आणि काका येऊन घरातलं सगळं ठरवायला लागले. कुठली खोली भाड्याने द्यायची, आईने कुणाशी बोलायचं, मी पुढे काय शिकायचं. त्याच सुमारास माझं जेवण सुटत गेलं. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. ताटाला नाही म्हटलं की घरात निदान एक गोष्ट माझ्या मर्जीने होते, असं वाटायचं. मग नाही म्हणायची सवय लागली, आणि मग ती सवयच मला खायला लागली.

दुसऱ्या कुठल्या गावात कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. आमच्याकडे माझं कौतुक झालं. उपास नव्हता त्या दिवशीही मी उपास म्हणायचे, आणि अस्काले विहिरीवर माझं उदाहरण द्यायची, शिका जरा या सनाईतकडून. आईला मात्र माझ्याकडे बघून धस्स व्हायचं. ती काही बोलायला गेली की अस्काले तिलाच गप्प करायची. "देवाचं लेकरू आहे, तिरुवर्क. टोकू नकोस तिला." मला तेवढ्यावर आणखी एक दिवस काढता यायचा.

मग चर्चमध्ये उभ्या उभ्या मी कोसळले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं अंगात काहीतरी शिरलंय. पहाटेच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत डोक्यावर पवित्र पाणी ओतून झालं. त्याने फक्त सर्दी झाली. शेवटी आईने मला राजधानीत, आदिसला, एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आणि एकटीला धीर होईना म्हणून अस्कालेला बरोबर घेतलं.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "ही भक्ती नाही, हा आजार आहे. असंच चाललं तर मुलगी हाताला लागायची नाही." मग त्यांनी बरंच समजावलं. थोडं थोडं, पण दिवसातून पुष्कळदा खायला द्या. अंडं, दूध, लोणी, सगळं. एकटीला जेवायला बसवू नका. रागावू नका, वाहवा करू नका, तिच्या जाड-बारीक असण्यावरून तर एक शब्द बोलू नका. दर महिन्याला तिला माझ्याकडे आणा. आणि मी सांगेपर्यंत उपास बंद.

परतताना बसमध्ये अस्कालेची टकळी मांडीवर तशीच पडून होती. घर जवळ आलं तेव्हा आईला म्हणाली, "मीच खतपाणी घातलं गं याला."

घरी नातेवाईक गोळा झाले. आमच्याकडे प्रेम म्हणजे स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात घास भरवणं, आणि माणूस जितकं जवळचं तितका घास मोठा. मावशीचा घास, काकांचा घास, आत्याचा घास. मी रडायचे, गुदमरायचे, आणि नाही म्हटलं तर त्यांचा अपमान. तिसऱ्या दिवशी अस्कालेने दारात उभं राहून सगळ्यांना हाकललं. प्रेम तुमच्या घरी नेऊन एकमेकांना भरवा, म्हणाली. काका तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि त्याचं आम्हाला कुणालाच वाईट वाटलं नाही.

पण तेवढ्यात मोठा उपास लागला. आमच्या घराचे पाद्री, अब्बा गेत्नेत, स्वतः येऊन सांगून गेले की आजारी माणसाला उपास नसतो. मी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. सगळं गाव उपाशी असताना मी एकटीने अंडं खायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मी आईला सांगितलं. ते नुसतं बोलणं नव्हतं, हे आईलाही कळलं.

अस्काले उठली ती थेट अब्बांकडे गेली. तिथे काय झालं ते मला पुढे अब्बांनीच सांगितलं. ती म्हणाली, मी पण उपास मोडते. अब्बांनी विचारलं, तुला काय झालंय? काही नाही झालेलं, म्हणाली. मग मी परवानगी कशी देऊ, असं अब्बा म्हणाले. उपास मोडलास तर प्रसादाला यायचं नाही, चर्चच्या भिंतीबाहेर उभं राहावं लागेल. त्यावर ती म्हणाली, "अब्बा, मी विचारायला नाही आले. सांगायला आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताट घेऊन माझ्यासमोर बसली. आमचं ताट एकच असतं, सगळ्यांचं मिळून. इंजेरा, म्हणजे आमची मऊ पोळी, आणि त्यावर लोण्यात परतलेलं अंडं. मला ये म्हणाली नाही, खा म्हणाली नाही. तिने एक तुकडा मोडला, अंडं उचललं आणि तोंडात घातलं.

आणि तो घास तिला गिळता येईना. ती चावत होती, चावत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. आयुष्यभर तिने ज्याला नाही म्हटलं होतं ते तिच्या तोंडात होतं. इतके दिवस मला सगळे म्हणत होते, त्यात काय एवढं, घास तर आहे. त्या सकाळी पहिल्यांदाच माझ्या ताटावर असं माणूस बसलं होतं ज्याला तो घास माझ्याइतकाच जड होता. तिने तो गिळला, पाणी प्यायली, आणि शेजारच्या कोंबडीने कुणाच्या टोपलीत घाण केली ते सांगायला लागली. मी हात पुढे केला आणि नखाएवढा तुकडा मोडला.

मी लगेच बरी झाले असं कुणी समजू नये. ताट भिरकावलंय, तिला नाही नाही ते बोललेय, पुन्हा पुन्हा घसरलेय. ती सांडलेलं गोळा करायची आणि कोंबडीचं पुढचं सांगायची. विहिरीवर बायका टोमणे मारायच्या. एकदा त्यांतली देस्ता म्हणाली, अस्काले, तुझ्या खोलीतून कसला वास येतोय गं? अंड्याचा, अस्काले म्हणाली, तुझं नाक चांगलं आहे. पण घरी आल्यावर ती बराच वेळ टकळीला हात लावायची नाही. उपासाची ती ख्याती हीच तिची सगळी मिरास होती, आणि ती तिने रोज सकाळी माझ्यासमोर ताटात मोडून ठेवली.

ती जाऊन आता किती वर्षं झाली. मोठा उपास आला की अजूनही मला लोण्यात परतलेल्या अंड्याचा वास येतो आणि डोळे भरून येतात. पण सगळ्यांत जास्त आठवतो तो ईस्टरच्या आधीचा रविवार, होसाना. पांढऱ्या शाली घेतलेलं सगळं गाव चर्चच्या आवारात, आणि नेहमी पहिल्या रांगेत उभी राहणारी अस्काले बाहेर, भिंतीला टेकून. मी तिच्याशेजारी. ती माझ्यासाठी खजुराच्या पातीची अंगठी विणत होती. प्रार्थना संपली, बायका बाहेर पडायला लागल्या, देस्ता पुढेच होती. आणि माझ्या पोटात कळ आली. आधी मला कळेचना ती कसली.

"एतेते," मी म्हटलं, "मला भूक लागलीय."

तिचे हात थांबले. "पुन्हा म्हण."

"भूक लागलीय मला."

तिने तोंडावर शाल ओढून घेतली. ती हसत होती की रडत होती, मला समजलं नाही. मग तिने देस्ताचा हात धरला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ऐकलंस? आमच्या सनाईतला भूक लागलीय."

मोठ्या उपासात, चर्चच्या दारात! मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती कसली थांबतेय. घरापर्यंत जो भेटेल त्याला तिने गाठलं, मेंढरं घेऊन चाललेल्या अनोळखी माणसालासुद्धा, आणि प्रत्येकाने दोनदा 'अगंबाई' म्हटल्याशिवाय एकालाही सोडलं नाही. घरी पोचायला उशीर झाला, आणि तोवर माझ्या पोटात खरंच कावळे कोकलत होते.