वेंगुर्ल्याच्या दत्ताला धबधबा दाखवायला नेलं तेव्हा

आधीच सांगून ठेवतो, नळदुर्गचा धबधबा बघायचा असेल तर भर पावसाळ्यात जा. मी डिसेंबरात गेलो होतो, आणि तेही एका कोकण्याला स्कूटरवर मागे बसवून. गोष्ट सत्तरच्या दशकातली, बहात्तरच्या दुष्काळानंतरची. पण अजूनही घरात कुणी धबधब्याचं नाव काढलं की आमची ही तोंडाला पदर लावून आत जाते.

दत्ता परब हा कोल्हापूरच्या कॉलेजातला माझा खोलीतला जोडीदार. पुढे तो वेंगुर्ल्याला बँकेत चिकटला. त्याला बढती मिळाली ती नेमकी सोलापूर शाखेत! घेतो की नाही, हे त्याला महिन्याभरात मुंबईच्या हेड ऑफिसला कळवायचं होतं. मी पत्रांवर पत्रं टाकली, कारण खरं सांगायचं तर मला त्याची गरज होती. शुक्रवार पेठेतल्या घरातून चादरीच्या दुकानात आणि दुकानातून घरी, असं माझं चाललं होतं. ज्याच्याशी कडाकडा भांडावं आणि मग एकत्र चहा प्यावा, असा माणूस गावात नव्हता. ‘निदान शनिवार-रविवार येऊन बघ तरी,’ असं लिहिलं, आणि पठ्ठ्या आला.

शनिवारी सकाळी एसटीतून उतरला तो अंग चोळतच. पहिला प्रश्न, “टपालपेटी कुठे आहे रे?” खिशातून पाकीट काढलं आणि पेटीत टाकलं.

“आल्या आल्या आईला खुशाली? वा रे तान्ह्या बाळा!” मी म्हणालो.

तो नुसता हसला. खरं तर एकाला चार ऐकवणारा गडी, पण प्रवासाने दमला असेल म्हणून मी सोडून दिलं.

माझा बेत पक्का होता. कोकणी माणूस, त्याला पाण्यावाचून करमायचं नाही, तेव्हा आपल्याकडे पाणी आहे हे दाखवून द्यायचं. काय डोकं होतं! संध्याकाळी त्याला सिद्धेश्वर तलावावर नेलं आणि हात पसरून म्हणालो, “बघ, केवढं पाणी!” ज्याच्या दारात समुद्र, तो माणूस बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “छान आहे.” रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते दिवसभरात बघितलेलं सगळ्यात खळाळतं.

रविवारी सासऱ्यांची स्कूटर मागून आणली. “जपून,” असं त्यांनी तीनदा बजावलं. हैदराबाद रोडने नळदुर्ग तीस मैलांच्या आतबाहेर. आज गाडीने तासाभरात जाल, आम्हाला दोन तास लागले, कारण बोरामणीला गरम भजी दिसली. पंचवीस पैशांत चहा आणि वर ऐसपैस बाकडं. दुतर्फा ज्वारी निसवली होती. मी सारखा मागे वळून धबधब्याचं वर्णन करत होतो आणि दत्ता ओरडत होता, “मेल्या, पुढे बघ!”

किल्ला झकास आहे, त्यात शंका नको. बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल तर जरूर बघा. पण धबधब्याच्या जागी नुसत्या काळ्या भिंती, आणि खाली उन्हाला पडलेलं एक कुत्रं.

“धबधबा कुठाय?” मी तिथल्या रखवालदारावर डाफरलो, जसा काही तोच घरी घेऊन गेला होता.

“आत्ता? श्रावणात यायचं की मालक.”

दत्ता शांतपणे म्हणाला, “शिवा, आमच्या न्हाणीच्या मोरीला याच्यापेक्षा जास्त पाणी असतं रे.” मला असा संताप आला की परतताना गिअर दणादण टाकत सुटलो. तांदूळवाडीच्या अलीकडे क्लचची वायर तुटली.

ढकलत ढकलत एका वस्तीवर आलो. अंगणात एक म्हातारी शेंगा फोडत होती. कपाळाला विभूती, म्हणजे आमच्यातलीच, लिंगायत. “बर्री, बर्री,” म्हणत तिने आत बोलावलं. मी कानडीत रडगाणं गायलं. तिचा मुलगा मल्लप्पा उठला आणि त्याने सरळ आपल्या सायकलच्या ब्रेकची वायर काढायला घेतली.

“अहो, मग तुम्ही ब्रेक कसा लावणार?”

“पाय हायती की!”

म्हातारीने रिवाजाप्रमाणे गूळ आणि पाण्याचे तांबे पुढे केले. दत्ताने गूळ खाल्ला, अर्धा तांब्या प्यायला आणि उरलेलं पाणी फर्रकन अंगणात भिरकावलं. त्यांच्या कोकणातली रीतच ती.

मल्लप्पाचा हात थांबला. तेवढ्यात त्याची बायको डोक्यावर दोन घागरी घेऊन बांधावरून येताना दिसली. विहीर शेतापलीकडच्या कडुलिंबांच्याही पल्याड, मैलभर होती. दत्ताने तिच्याकडे बघितलं, मग अंगणातल्या ओल्या डागाकडे. त्याचा चेहरा पार उतरला.

म्हातारी उठली. “आसंल कायतरी पडलं त्यात. थांबा, दुसरं देती.” आणि रांजणातून तांब्या काठोकाठ भरून तिने त्याच्या हातात ठेवला. दत्ताने तो थेंबन् थेंब संपवला. मग आगटी पेटली आणि गरम हुरडा आला. दोन्ही हात काळे होईस्तोवर आम्ही खाल्ला. पैशांचं नाव काढलं तर मल्लप्पा म्हणाला, “पुन्ना या. तवा ब्रेक घेऊन या.”

बोरामणी आली तसा दत्ता कानाशी येऊन म्हणाला, “शिवा, काल टाकलं ते पाकीट आईला नव्हतं. बँकेला होतं. नकार कळवला होता.”

मी ब्रेक दाबला. “आणि दोन दिवस मला पाणी दाखवायला लावलंस?”

“नंतर शिव्या घाल. तारऑफिस कुठाय?”

तारमास्तरांनी मजकूर मोठ्याने वाचला, “पत्र रद्द समजावे. सोलापूर मंजूर.” चष्म्यावरून बघत म्हणाले, “स्वखुशीनं? साहेब, इथनं मी तीनदा बदली मागितली की हो.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “का रे?” म्हणाला, “ती ओरडली असती ना, तर निघून गेलो असतो.” मला रडू फुटलं, तिथेच, रस्त्यावर.

पुढच्या रविवारी आम्ही मल्लप्पाला नवी वायर देऊन आलो. दत्ता नंतर निवृत्तही इथेच झाला. आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहतो आणि नळाला पाणी आलं नाही की माझ्याशी भांडतो. गेल्या उन्हाळ्यात वेंगुर्ल्याहून त्याच्या पुतण्याचा मुलगा आला होता. त्या पोराने माझ्या अंगणात अर्धा पेला पाणी फर्रकन ओतलं. मी तोंड उघडणार, तोच दत्ता गुडघ्यावर हात टेकत उठला, आत गेला आणि पेला भरून घेऊन आला.

“आसंल कायतरी पडलं त्यात,” तो म्हणाला. “हे घे, दुसरं.”