तोतारामभाऊंचं वाक्य

सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनातली यंत्रं धडधडत असताना तोतारामभाऊ मिस्त्री लोखंडी सळईचं एक टोक बेरिंगवर टेकवत, दुसरं कानाला लावत आणि डोळे मिटत. मग कुठे काय झिजलंय ते अचूक सांगत. "मशीन खोटं बोलस नही," असं ते म्हणत. "खोटं मानूस बोलस." सळई धरणाऱ्या त्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती.

आमचं गाव एकच, एरंडोलजवळचं. जळगावच्या इंग्रजी शाळेत होतो तेव्हा मी त्यांच्याच घरी राहिलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि त्याचं कौतुक माझ्या वडिलांपेक्षा भाऊंना जास्त. "आपला पोऱ्या साहेबना तोंडवर इंग्रजी बोलस!" असं ते जिनभर सांगत फिरत. खरं तर तोवर मी एकाही साहेबासमोर उभा राहिलो नव्हतो.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती. खानदेशात तंत्रशिक्षणाचं कॉलेज काढायचं सरकारच्या मनात आलं आणि त्याचा आराखडा नकाशासकट वर्तमानपत्रात छापून आला. सुट्टीत त्यांच्याकडे आलो होतो, म्हणून मीच तो भाऊंना वाचून दाखवला. त्यांनी सळई लावल्यासारखे डोळे मिटले होते. कारखान्याचं धुराडं पश्चिमेला आणि वर्ग पूर्वेला, हे ऐकून ते हसले. "वारा आठे कोठून येस, ये बी कोनले इचारं नही! धूर वर्गमाच जाई." पुढे आलं, इंग्रजी मॅट्रिक झालेल्यांनाच प्रवेश. तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"मंग मराठी सातवी व्हयेल पोरे कोठे जातीन?"

"जिनात," मी म्हणालो.

"तेच सांगाले जाऊत. तू इंग्रजीमा सांग."

कॉलेजबद्दल साक्षी घ्यायला नेमलेली कमिटी धुळ्याला बसली होती. भाऊ धुतलेला कोट घालून आले होते. दाराशी उभे राहिले, कारण कोणी बसा म्हटलं नाही. आत कॉलेज जळगावला हवं की धुळ्याला, यावर दोन्हीकडचे वकील दीड तास भांडले. त्या कॉलेजात शिकणार कोण, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. मला तेव्हाच राग यायला हवा होता. मी मात्र मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होतो.

आम्हाला बोलावलं तेव्हा कमिटीचा अध्यक्ष, इंग्रज साहेब, घड्याळ बघत होता. भाऊंनी डावा हात वर केला.

"आम्हनी शाळा म्हंजे जिन. बोट गयं का एक धडा व्हयना. तुमना पोरेस्ले अशी शाळा चाली का? इचार साहेबले."

कमिटीतल्या मराठी सभासदांना सगळं कळलं होतं, पण ते टेबलाकडे बघू लागले. साहेब माझ्याकडे बघत होता. मी इंग्रजीत म्हणालो, "प्रशिक्षणाअभावी कधी कधी अपघात होतात, असं यांचं नम्र निवेदन आहे." नम्र हा शब्द तर संपूर्ण माझ्या पदरचा.

साहेब हसून म्हणाला की, अशी मुलंही लागतीलच, कारखाना झाडायला. मराठी सभासदही हसले. भाऊंचा हात अजून वरच होता.

"काय म्हने?" त्यांनी मला विचारलं.

"विचार करू म्हणाले."

परतीच्या मोटारीतून पारोळं मागे पडलं. मग भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इचार करनारा मानूस असा हसस नही. आणि तू बी मना शब्दले कानस मारी दिन्ही, धार घासी टाकी. गुळगुळीत पुलीवर पट्टा टिकस नही, बाबा."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढच्या हंगामात भाऊ तापाने गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. सळई तेवढी भिंतीला टेकून उभी होती.

कमिटीचा छापील अहवाल परवा आमच्या कॉलेजच्या वाचनालयात आला. मॅट्रिकची अट तशीच आहे, आणि धुराडंही पश्चिमेलाच. साक्षींमध्ये भाऊंचं नाव सापडलं. त्याखाली एकच ओळ होती: प्रशिक्षणाअभावी कधी कधी अपघात होतात. धुळ्याच्या त्या खोलीत जो संताप यायला हवा होता, तो या ओळीने आला. साहेबाचा आला, टेबलाकडे बघणाऱ्यांचा आला, पण सर्वांत जास्त माझा आला. ते वाक्य भाऊंचं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्राचं खरं तेवढंच सांगितलं, त्याच्या नावावर मी हे खोटं छापवलं होतं.

वाचनालयाच्या पुस्तकावर मी कधी पेन्सिलीची रेघसुद्धा मारलेली नाही. त्या दिवशी शाईने ती ओळ खोडली आणि समासात भाऊंचं वाक्य त्यांच्याच बोलीत लिहिलं, शेवटच्या प्रश्नासकट. खाली माझं नाव लिहिलं. उद्या मला प्राचार्यांपुढे उभं करतील. तेही इंग्रज साहेबच आहेत. हे काय लिहिलंय, असं ते इंग्रजीत विचारतील.

या वेळी मी कानस मारणार नाही.