कुलूच्या भाजीची रील

सकाळी सात वाजता सविताताईंचा फोन आला.

"ती कुलूची रील काढ."

"का? चांगली चाललीय."

"म्हणूनच काढ."

रील आदल्या दिवशीच टाकली होती. सविताताई चुलीजवळ बसल्यात, नागलीच्या भाकरीवर कुलूची भाजी घेतात, पहिला घास खातात आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतात. खाली मी लिहिलं होतं, "यंदाची पहिली रानभाजी आमच्या ताटात आली. तुमच्या ताटात कधी?" कुलू म्हणजे शहरातली फोडशी. पावसाची सुरुवात झाली की माळावर गवतासारखी उगवते. त्या कॅप्शनवर मी फार खूश होते.

मी जव्हारला राहते आणि लहान धंदेवाल्यांचं ऑनलाइन काम करते. ब्लॉग लिहिते, इन्स्टाग्राम सांभाळते, पॉडकास्ट एडिट करते. एडिट म्हणजे तासभराच्या गप्पांमधला फापटपसारा कापून वीस मिनिटांचं ऐकण्याजोगं काहीतरी बाहेर काढायचं. सविताताई माझ्या क्लायंट. त्यांचा माहेरचा पाडा सूर्यमाळच्या बाजूला आहे, पण धंदा चालतो तो जव्हारच्या एसटी डेपोमागच्या एका खोलीतून. नागलीचं पीठ आणि पापड वर्षभर असतात. नाव झालं ते मात्र पावसाळ्यातल्या रानभाजीच्या पेटीमुळे. पाड्यातल्या बायका भाजी खुडतात, सविताताई ती निवडून ठाण्याला आणि नाशिकला पाठवतात. बायकांनी भाजी खुडली नाही तर पेटीत घालायला काही नाही, आणि पेटी नाही तर माझ्या ब्लॉगला लिहायला काही नाही.

माझं लहानपण वडिलांच्या मोर्चांच्या पत्रकांना घड्या घालण्यात गेलं. त्यामुळे पापडाची जाहिरातसुद्धा माझ्या हातून घोषणेसारखी होते. सविताताई म्हणतात, "तुझ्या लिहिण्यात सगळी माणसं मूठ वळून उभी असतात. एखाद्याला खाली बसू दे."

रील काढली आणि खोलीवर गेले. सविताताई रिकाम्या पेट्यांच्या चळतीला टेकून बसल्या होत्या.

"पाड्यात कवळी भाजी अजून झाली नाही," त्या म्हणाल्या.

हे मला माहीत असायला हवं होतं. पावसाळ्यातली पहिली रानभाजी आधी देवाला देतात. त्या दिवसाला कवळी भाजी म्हणतात. तो होईपर्यंत पाड्यात कोणी रानभाजी तोंडात घालत नाही. दिवस भगत ठरवतो. भगत म्हणजे पाड्याचं देवाचं काम बघणारा माणूस. या पाड्याचे भगतकाका चैत्रात वारले. त्यांच्या जागी त्यांच्या पुतण्याने बसायचं की आणखी कोणी, हे ठरत नव्हतं, म्हणून यंदा दिवस पुढे गेला होता. आणि अशात पाड्याचीच लेक मोबाइलवर सगळ्या जगासमोर कुलू खाऊन हसत होती.

"पण ताई, ती रील मागच्या वर्षी पाड्यातच शूट केलेली आहे."

"ते तुला माहीत, मला माहीत. खाली 'यंदाची' कोणी लिहिलं?"

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही रोज नवीन शूट करत नाही. एका दिवसात भरपूर शूट करून ठेवतो आणि मग त्याचे तुकडे तारखा लावून टाकत राहतो. याला शेड्यूल करणं म्हणतात. पावसाळ्याआधी लाकडं भरून ठेवतात तसंच. फरक इतकाच की लाकूड मागच्या वर्षीचं असलं तरी कोणी काही म्हणत नाही.

पाड्यात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. एरवी माझी पोस्ट तिथे पोचायला आठवडा लागला असता. पण पाड्यातला एक जण भिवंडीला गोडाऊनमध्ये काम करतो. त्याने ती पाड्याच्या ग्रुपवर टाकली, वर लिहिलं, "ताई ने तो खा लिया, अपना नंबर कब?" संध्याकाळपर्यंत टाकीजवळ गर्दी झाली. भाजी खुडणाऱ्या बायकांची प्रमुख जानकीकाकी. भगतकाकांची बायको. त्यांनी निरोप पाठवला होता: आधी खाल्लीस तूच, आता खूड पण तूच.

मी दुपारपर्यंत एक ब्लॉग लिहिला. शीर्षक होतं, "ताटावर पहारा कोणाचा?" त्यात स्त्रीचं स्वातंत्र्य होतं, विवेक होता, शेवटच्या परिच्छेदात शृंखलाही तुटत होत्या. सविताताईंनी तो शांतपणे वाचला.

"छान आहे. हा जानकीकाकीला वाचून दाखवशील?"

मी लॅपटॉप मिटला.

"तुला कोणी अडवलंय का खायला? नाही ना. मग कशाला भांडतेस?" पुढे म्हणाल्या, "मी आधी खाल्ली असती तर ठणकावून सांगितलं असतं. खाल्लीच नाही तर कशासाठी शिव्या खाऊ?"

मग त्यांनी सांगितलं की कुलू बोटभर असतानाच ओरबाडली तर कंद कमजोर होतो, म्हणून म्हातारी माणसं थांबायला लावत असतील. माझे डोळे चमकले. म्हटलं, म्हणजे हे तर पर्यावरणशास्त्र आहे, लोकविज्ञान, यावर मालिका करू. सविताताईंनी हात जोडले.

"आता तसं पण नको लिहू. भाजी आहे गं ती."

मी सुचवलं की माफीची पोस्ट टाकू. त्या म्हणाल्या, "ठाण्यातल्या बाईची माफी कशाला मागू? तिचं मी काय वाकडं केलं?" हे बरोबर होतं. आमचे सगळे फॉलोअर जिथे होते तिथे कोणी रागावलेलं नव्हतं. जे रागावले होते ते फॉलोअर नव्हते. आणि वेळही नव्हता. कुलू दोन-तीन आठवड्यांत जून होते, मग तिला कोणी विचारत नाही. तेवढ्यात बायका मानल्या नाहीत तर यंदाची पेटी बुडाली, आणि सविताताईंना माहेरी तोंड दाखवायची चोरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने मोखाडा, पुढे जीप, शेवटी चालत. माझ्याकडे पुरावा तयार होता. फोनमध्ये मूळ फाइल होती आणि तिच्यावर मागच्या वर्षीची तारीख.

जानकीकाकी ओट्यावर बसून नागली पाखडत होत्या. आणखी चारपाच बायका जमल्या. सविताताईंकडे कोणी बघेना. मी पुढे होऊन फोन दाखवला.

"काकी, ही तारीख बघा. मागच्या वर्षीची आहे."

काकींनी सूप खाली ठेवलं नाही. "माझ्या आधारवर बी तारीख लिव्हली हाय. एक जानेवारी. माझी, माझ्या भावाची, ह्या समद्यांची. आम्ही काय एकाच दिवशी पैदा झालो?"

बायका हसल्या. माझा पुरावा संपला.

सविताताई त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. काकींनी त्याच बोलीत उत्तर दिलं. मला कळलं ते एवढंच की काकींना व्हिडिओ पुन्हा बघायचा होता, "पुरा, तुकडा नाय."

पुरा म्हणजे कच्चा. रील तीस सेकंदांची होती, पण शूट चार मिनिटांचं. बाकीचं मी कापलं होतं. आणि जे ठेवलं त्यावरही बासरी लावून मूळ आवाज बंद केला होता, कारण मागे कोंबड्या ओरडत होत्या, कोणीतरी खोकत होतं, बोलत होतं. आमच्या भाषेत त्याला नॉइज म्हणतात. शूट करताना माझे कान इअरफोनमध्ये असतात आणि डोळे स्क्रीनवर. मागे कोण काय बोललं ते मी ऐकलंही नव्हतं.

कच्चा व्हिडिओ लावला. सविताताई भाकरी हातात धरून बसल्यात, मी त्यांना कॅमेऱ्यामागून सांगतेय की जरा उजेडाकडे वळा, आता नको, अजून नको. भाकरी तशीच हातात. मग दाराकडून खोकल्याचा आवाज, आणि मागोमाग एक म्हातारा, वैतागलेला आवाज:

"खा गं बाय आता. देवाला दिली ना मघाशी. का त्या मोबाइलला बी दावायची हाय?"

सूप थांबलं.

आवाज भगतकाकांचा होता. सविताताईंनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी चुलीजवळ त्याच होत्या, पण हे वाक्य त्यांनाही आठवत नव्हतं. माझ्या सूचना ऐकण्यात त्यांचंही लक्ष गेलं असणार.

"परत लाव," काकी म्हणाल्या.

मी लावला. तीनदा लावला. तिसऱ्या वेळी काकी हसल्या. "जेवायच्या वक्ताला असाच. दुसऱ्याच्या घासाची बी ह्यालाच घाई." मग माझ्याकडे वळल्या. "हे कापलंस तू?"

"हो."

"का?"

नॉइज म्हणजे काय हे मी क्लायंटना रोज समजावते. त्या ओट्यावर मला ते समजावता आलं नाही. मी म्हटलं, "चुकलं."

"चुकलंच," काकी म्हणाल्या आणि परत पाखडायला लागल्या. जरा वेळाने सविताताईंना म्हणाल्या, "चहा ठेव. पावनी असल्यागत काय बसलीस?"

भाजी खुडायला मात्र त्या लगेच तयार झाल्या नाहीत. आरोप मिटला, नेम तसाच होता. कवळी भाजी झाल्याशिवाय पेटी नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी पुतण्याला बोलावलं आणि सांगितलं की आता थांबू नकोस, भाजी तुझ्यासाठी थांबायची नाही. पुढच्या मंगळवारचा दिवस ठरला. निघताना काकींनी तो आवाज आपल्या साध्या फोनच्या मेमरी कार्डावर घालून मागितला. मी जव्हारला येऊन कार्डावर घालून पाठवला.

रील पुन्हा टाकली. बासरी काढली, कोंबड्या ठेवल्या, म्हाताऱ्याचं वाक्य ठेवलं आणि खाली मागच्या वर्षीची आहे असं स्पष्ट लिहिलं. ती पहिल्यासारखी चालली नाही. पाड्यात मात्र ती ब्लूटूथने या फोनवरून त्या फोनवर फिरली. आता पाड्याचं काहीही टाकण्याआधी मी जानकीकाकींना दाखवते. क्लायंट फार पाहिले, पण इतकं कडक अप्रूव्हल कुणाचं नाही. परवा सविताताईंचा एक फोटो त्यांनी पुतण्याच्या फोनवरून परत पाठवला, "हिला सांग, भाजी विकायची हाय का दात?"

पेटी त्या वर्षी उशिरा निघाली. उशीर झाला की आम्ही एरवी 'तांत्रिक कारणास्तव' लिहितो. ते लिहायला सविताताईंनी नकार दिला. मग ब्लॉगवर मी दोनच ओळी लिहिल्या: आमच्या पाड्यात अजून रानभाजी खायला सुरुवात झालेली नाही. झाली की पाठवू. काहींनी ऑर्डर रद्द केल्या. बाकीच्या बायका रोज कमेंटमध्ये विचारू लागल्या, "झाली का सुरुवात?" त्यांतल्या काही जणींनी नंतर कळवलं की बाजारात फोडशी आली होती, पण आम्ही घेतली नाही, तुमच्याकडचं होऊ दे म्हटलं.

इतकी वर्षं मी लोकांना 'चला, उठा, आत्ताच' असं लिहीत आले. उठून कोणी काही केल्याचं मला आठवत नाही. थांबा म्हटलं, तर थांबले.